कोन कुठून मोजला? विस्थापनाचे घटक काढण्याची रीत, पायरीपायरीने

गणित साधं होतं. एक नौका बंदरातून निघाली आणि उत्तरेपासून पूर्वेकडे २५° या दिशेने सरळ ८० किमी गेली. ती पूर्वेला किती सरकली, एवढंच काढायचं होतं. समोरच्या वहीत विद्यार्थिनीने लिहिलं होतं: पूर्वेकडचा घटक = ८० × कोसाइन २५° = ७२.५ किमी. गुणाकार बिनचूक, दशांशचिन्ह जागेवर, एककही लिहिलेलं. उत्तर मात्र चूक.

"इथे कोसाइन का घेतलास गं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "सर, क्ष-घटकाला कोसाइनच असतो ना!"

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. ते वाक्य पूर्ण खोटं नाही. कोन क्ष-अक्षापासून मोजलेला असेल तर ते खरं आहे. पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या आकृतीत कोन तसाच मोजलेला असतो, म्हणून ते डोक्यात बसतं आणि पुढे कोन कुठूनही मोजलेला असला तरी हात आपोआप कोसाइनकडेच जातो. खरं तर कोसाइनचं नातं क्ष-अक्षाशी नाही. कोन ज्या रेषेपासून मोजला, त्या रेषेशी आहे. एवढं एक नीट कळलं की विस्थापनाच्या विघटनात पाठ करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

तुकडे करायचेच कशाला?

चारशे मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारून निघालो तिथेच परत आलो, तर कापलेलं अंतर ४०० मीटर, विस्थापन मात्र शून्य. विस्थापनाला वाट कशी होती याच्याशी देणंघेणं नसतं. सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत एक सरळ बाण काढायचा. त्याची लांबी म्हणजे विस्थापनाचं परिमाण आणि त्याचं टोक जिकडे वळलेलं, ती त्याची दिशा. लांबी आणि दिशा दोन्ही सांगावं लागतं, म्हणून ही सदिश राशी.

सदिशांची अडचण बेरजेत येते. ३ मीटर आणि ४ मीटर अशी दोन विस्थापनं लागोपाठ झाली तर एकूण किती? दोन्ही एकाच दिशेने असतील तर ७, एकमेकांच्या विरुद्ध असतील तर १, काटकोनात असतील तर ५. दिशा बदलतील तसं १ आणि ७ यांच्या दरम्यानचं कुठलंही उत्तर येऊ शकतं. दिशा वेगवेगळ्या असल्या की नुसत्या लांब्या मिळवता येत नाहीत.

पण प्रत्येक विस्थापनाचा "पूर्वेकडे इतका, उत्तरेकडे इतका" असा हिशेब मांडला, तर पूर्वेचं पूर्वेत आणि उत्तरेचं उत्तरेत साध्या बेरजेने मिळवता येतं. घटक काढण्याचा सगळा खटाटोप यासाठीच.

घटक म्हणजे काय हे हाताने एकदा करून बघाच. आलेख कागदावर दोन अक्ष काढा. आरंभबिंदूवर कोनमापक ठेवून आडव्या अक्षापासून ३०° चा कोन घ्या आणि त्या दिशेने पट्टीने नेमकी १० सेंमी लांब रेघ ओढा. आता रेघेच्या टोकापासून आडव्या अक्षावर सरळ खाली लंब टाका. तो अक्षाला जिथे टेकतो तिथपर्यंतचं आडवं अंतर मोजा. ते ८.७ सेंमीच्या आसपास भरेल. लंबाची उंची भरेल ५ सेंमी. सूर्य बरोबर डोक्यावर असताना तिरक्या काठीची सावली जमिनीवर पडावी, तसं हे ८.७ सेंमी म्हणजे त्या रेघेची आडव्या अक्षावर पडलेली सावली. प्रकाश बाजूने आडवा आला असता तर उभ्या अक्षावर ५ सेंमीची सावली पडली असती. घटक म्हणजे अक्षावरची सावली. एका सावलीने वस्तू पुरती कळत नाही, दोन सावल्या मिळून कळते.

काटकोन त्रिकोण आणि एक जुनी दोरी

कागदावर आता काटकोन त्रिकोण तयार झालाय. तिरकी रेघ म्हणजे कर्ण, आणि तेच आपलं विस्थापन. कोनाला चिकटलेली बाजू ती लगतची, कोनाच्या समोरची ती संमुख.

साइन = संमुख बाजू ÷ कर्ण
कोसाइन = लगतची बाजू ÷ कर्ण
टॅन = संमुख बाजू ÷ लगतची बाजू

आपल्याला कर्ण ठाऊक असतो, बाजू हव्या असतात. म्हणून:

लगतची बाजू = कर्ण × कोसाइन
संमुख बाजू = कर्ण × साइन

या सूत्रांत क्ष किंवा य यांचं नावही नाही, हे लक्षात घ्या. फक्त "लगतची" आणि "संमुख" आहे. कोनाची एक भुजा म्हणजे विस्थापनाचा बाण, दुसरी भुजा म्हणजे कोन मोजायला जिथून सुरुवात केली तो अक्ष. त्या अक्षावरचा घटक लगतचा, त्याला कोसाइन. उरलेल्या अक्षावरचा घटक संमुख, त्याला साइन.

साइन हा शब्द परका वाटतो, पण त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य मानलं तर त्याची दोन टोकं जोडणारी दोरी ती ज्या, म्हणजेच जीवा. आपल्याकडच्या गणितींनी हिशेबासाठी अर्धी दोरी घेतली आणि तिलाच ज्या म्हणू लागले. अरबीत हा शब्द जसाच्या तसा गेला, पण स्वर न लिहिता नुसत्या व्यंजनांत लिहिल्यामुळे पुढे तो "जैब" असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ, आणि त्याचं लॅटिन भाषांतर झालं "सायनस". तिथून साइन आला. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्यांमधले फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ आणि पुढे. या पहिल्या आठांची बेरीज करून पाहा, १७१९ येते. आठ वेळा पावणेचार म्हणजे ३०°. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला (एका अंशाच्या ६० कला) धरला की त्रिज्या येते ३४३८ कला, आणि १७१९ बरोबर तिची निम्मी. साइन ३०° = ०.५ म्हणतो ते हेच.

कोज्या किंवा कोटिज्या म्हणजे उरलेल्या कोनाची ज्या. ९०° मधून कोन वजा केला की जे उरतं, त्याचा साइन म्हणजे आपल्या कोनाचा कोसाइन. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

रीत

पहिली पायरी: अक्ष आणि त्यांची धन दिशा ठरवा, आणि ठरवलेलं लिहून ठेवा. पूर्व म्हणजे धन क्ष, उत्तर म्हणजे धन य, हा रिवाज सोयीचा आहे. पण अक्ष निसर्गाने दिलेले नसतात, ते आपण निवडतो. एका गणितात मात्र ते बदलायचे नाहीत.

दुसरी पायरी: आकृती. हिला कोणी फाटा देऊ नये. माझा अनुभव असा की चुकलेल्या बहुतेक उत्तरांच्या शेजारी आकृतीच नसते. प्रमाणात काढायची गरज नाही. अक्षांची फुली, एक बाण, आणि कोनाचा छोटा कंस एवढं पुरे. कंस मात्र योग्य अक्षापासून सुरू झाला पाहिजे. "उत्तरेपासून पूर्वेकडे २५°" हे वाचताना असं करा: मनाने उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, मग पूर्वेच्या बाजूला २५° वळा. पहिलं नाव असलेली दिशा ही सुरुवात, दुसरं नाव ही वळण्याची बाजू.

तिसरी पायरी: बाणाच्या टोकापासून, कोन जिथून मोजला त्या अक्षावर लंब टाका. त्रिकोण तयार होईल. लगतच्या बाजूला कोसाइन लिहा, संमुख बाजूला साइन.

चौथी पायरी: चिन्ह. प्रत्येक घटक धन दिशेने आहे की ऋण, हे आकृतीकडे बघून ठरवा.

पाचवी पायरी: पडताळा. दोन्ही घटकांचे वर्ग करून मिळवले की मूळ परिमाणाचा वर्ग आला पाहिजे.

आता एक सरळ उदाहरण. विस्थापन ५० मीटर, पूर्वेपासून उत्तरेकडे ३७°. कोन पूर्वेपासून मोजलाय, म्हणून पूर्वेकडचा घटक लगतचा.

पूर्व = ५० × कोसाइन ३७° = ५० × ०.७९८६ = ३९.९ मी
उत्तर = ५० × साइन ३७° = ५० × ०.६०१८ = ३०.१ मी

३०, ४०, ५० हे ओळखीचं त्रिकूट जवळजवळ आलंच. नेमका ३-४-५ चा त्रिकोण हवा असेल तर कोन ३६.८७° घ्यावा लागतो.

आणि आता ती नौका. कोन उत्तरेपासून मोजलाय, म्हणजे उत्तरेकडचा घटक लगतचा.

उत्तर = ८० × कोसाइन २५° = ८० × ०.९०६३ = ७२.५ किमी
पूर्व = ८० × साइन २५° = ८० × ०.४२२६ = ३३.८ किमी

ज्याला कोन नेहमी पूर्वेपासूनच हवा असेल, त्याने ९० मधून २५ वजा करून ६५° घ्यावा. मग पूर्वेकडचा घटक ८० × कोसाइन ६५°, आणि कोसाइन ६५° म्हणजे पुन्हा ०.४२२६. कोटिज्या म्हणजे उरलेल्या कोनाची ज्या, ती अशी. दोन्ही वाटा एकाच उत्तरावर येतात, अट एवढीच की दोन्ही मिसळायच्या नाहीत.

पाचव्या पायरीतला पडताळा एक चूक पकडू शकत नाही, हे इथे सांगायला हवं. त्या वहीतल्यासारखे साइन आणि कोसाइन अदलाबदल झाले तरी वर्गांची बेरीज तीच राहते. म्हणून मी वर्गात आणखी एक चाचणी करून घेतो, आणि मला ती सूत्रांहून मोलाची वाटते: कोन शून्य करून बघा. नौकेचा कोन २५° ऐवजी ०° असता तर ती नाकासमोर उत्तरेला गेली असती, म्हणजे पूर्वेकडचा घटक शून्य यायला हवा. वहीतल्या सूत्रात शून्य घातला तर ८० × कोसाइन ०° = ८०. नौका निघाली उत्तरेला आणि सूत्र म्हणतं ८० किमी पूर्वेला! सूत्र उलटं लागलंय हे तिथेच कळतं. साइन घातला तर शून्य येतो, आणि तो बरोबर. त्या विद्यार्थिनीला मी उत्तर सांगितलं नाही, एवढी चाचणी करायला सांगितली. तिने स्वतःच खोडून साइन लिहिला.

चिन्हं आणि दिगंश

विस्थापन १२० मीटर, दक्षिणेपासून पश्चिमेकडे ४०°. बाण डावीकडे खाली, तिसऱ्या चरणात (अक्षांनी पाडलेले चार भाग म्हणजे चरण, उजवीकडच्या वरच्या भागापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेले).

दक्षिणेकडे = १२० × कोसाइन ४०° = ९१.९ मी
पश्चिमेकडे = १२० × साइन ४०° = ७७.१ मी

पूर्व-उत्तर धन धरल्यामुळे क्ष-घटक −७७.१ मी आणि य-घटक −९१.९ मी. ऋण चिन्ह म्हणजे "विरुद्ध दिशेने" एवढंच. ते उत्तर लिहिताना विसरलं तर वस्तू नकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन पडते, आणि पुढच्या बेरजेत ती चूक दुपटीने वाढते.

चिन्हांची काळजी नको असेल तर कोन पूर्ण वर्तुळात मोजा. गणिताच्या रिवाजात धन क्ष-अक्षापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात. वरची दिशा त्या हिशेबाने २३०°. कोसाइन २३०° = −०.६४२८ आणि साइन २३०° = −०.७६६०, म्हणजे ऋण चिन्हं आपोआप आली.

होकायंत्र, नकाशे आणि भूमापन यांत रिवाज वेगळा. तिथे दिगंश उत्तरेपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ३६०° पर्यंत जातो. पूर्व ९०°, दक्षिण १८०°, पश्चिम २७०°. सुरुवात उत्तरेची, म्हणून कोसाइन उत्तरेला:

उत्तर = अंतर × कोसाइन (दिगंश)
पूर्व = अंतर × साइन (दिगंश)

इथेही चिन्हं आपोआप येतात. भूमापनात यांतल्या पहिल्याला लॅटिट्यूड आणि दुसऱ्याला डिपार्चर म्हणतात. मोजणी करत निघालेल्या जागी परत आलं की सगळ्या लॅटिट्यूडची बेरीज शून्य आणि सगळ्या डिपार्चरची बेरीजही शून्य यायला हवी. जे काही शिल्लक राहतं ती मोजणीतली चूक. विस्थापन शून्य, या एका कल्पनेवर अख्ख्या मोजणीचा पडताळा उभा असतो, हे मला फार सुंदर वाटतं.

तीन टप्प्यांची चाल

आता घटकांचा खरा उपयोग. एक जण तीन टप्प्यांत चालतो:

पहिला टप्पा: २०० मी, पूर्वेपासून उत्तरेकडे ३०°
दुसरा टप्पा: १५० मी, उत्तरेपासून पश्चिमेकडे २०°
तिसरा टप्पा: २५० मी, दक्षिणेपासून पश्चिमेकडे ६५°

सुरुवातीच्या जागेपासून तो किती लांब आणि कोणत्या दिशेला? प्रत्येक टप्प्यात आधी एकच प्रश्न: कोन कुठून मोजला?

पहिला, पूर्वेपासून: क्ष = २०० × कोसाइन ३०° = +१७३.२, य = २०० × साइन ३०° = +१००.०
दुसरा, उत्तरेपासून: य = १५० × कोसाइन २०° = +१४१.०, क्ष = −१५० × साइन २०° = −५१.३
तिसरा, दक्षिणेपासून: य = −२५० × कोसाइन ६५° = −१०५.७, क्ष = −२५० × साइन ६५° = −२२६.६

बेरीज: क्ष = १७३.२ − ५१.३ − २२६.६ = −१०४.७ मी
य = १००.० + १४१.० − १०५.७ = +१३५.३ मी

परिमाण = √(१०४.७² + १३५.३²) = √२९२६८ = १७१.१ मी

सहाशे मीटर चालून माणूस निघालेल्या जागेपासून १७१ मीटरवर आहे. दिशा अजून बाकी आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

सरधोपट रीत म्हणजे टॅनचा व्यस्त काढणे, म्हणजे टॅनच्या किमतीवरून उलट कोन शोधणे: य ÷ क्ष = १३५.३ ÷ (−१०४.७) = −१.२९२. कॅल्क्युलेटर म्हणतो −५२.३°. ही दिशा पूर्वेपासून दक्षिणेकडे ५२.३°, म्हणजे चौथा चरण. आपला माणूस आहे दुसऱ्या चरणात, पश्चिमेला आणि उत्तरेला. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही. भागाकार करताच ऋण चिन्ह क्ष चं होतं की य चं ही माहिती पुसली जाते, आणि समोरासमोरच्या दोन चरणांना टॅनची किंमत एकच असते. क्ष-घटक ऋण असेल तर मिळालेल्या कोनात १८०° मिळवायचे: −५२.३ + १८० = १२७.७°.

मी स्वतः हे सूत्र वापरत नाही. आकृतीत चरण बघतो, दोन्ही घटक चिन्ह सोडून घेतो आणि विचारतो, उत्तरेपासून पश्चिमेकडे किती वळला? टॅन = १०४.७ ÷ १३५.३ = ०.७७३८, म्हणून कोन ३७.७°. उत्तर: १७१.१ मी, उत्तरेपासून पश्चिमेकडे ३७.७°. १२७.७° मधून ९०° गेले की हेच उरतं. परतीची वाटही घटकांतून लगेच दिसते: १०४.७ मी पूर्वेला, १३५.३ मी दक्षिणेला. चिन्हं बदलली की झालं.

संगणकावर हिशेब करणाऱ्यांसाठी दोन घटक वेगवेगळे घेणारं एटॅन२ नावाचं फंक्शन असतं, ते चरण स्वतः ओळखतं. पण सावध! पायथनमध्ये त्यात आधी य आणि मग क्ष द्यावा लागतो, एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये आधी क्ष आणि मग य. एकीकडचं सूत्र दुसरीकडे जसंच्या तसं नेलं तर कोन चुकतो आणि कुठलाही इशारा मिळत नाही.

कॅल्क्युलेटर, पूर्णांकन आणि एक अंश

कॅल्क्युलेटर हातात घेतला की आधी साइन ३० काढा. ०.५ आला तर तो अंशांत आहे. −०.९८८ आला तर तो ३० रेडियन (कोन मोजण्याचं दुसरं एकक) समजतोय. ०.४५४ आला तर तो ग्रेडियनमध्ये आहे, ज्यात काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग असतात. परीक्षेच्या आधी, मोजणीच्या आधी, दर वेळी हे करावं. स्प्रेडशीट आणि संगणकाच्या बहुतेक भाषा कोन रेडियनमध्येच मागतात, तिथे अंशांना π (पाय) ने गुणून १८० ने भागून मग द्यायचं.

मधल्या पायऱ्यांवर आकडे छाटू नका. शेवटी एकदाच पूर्णांकन करा, आणि मूळ मापं जितकी बारीक तितकंच उत्तर बारीक ठेवा.

कोनातल्या चुकीचा दोन्ही घटकांवर सारखा परिणाम होत नाही. १ किमी सरळ उत्तरेला जायचं होतं आणि दिशा १° चुकली असं धरा. उत्तरेकडचा घटक १००० × कोसाइन १° = ९९९.८५ मी, म्हणजे तोटा जेमतेम १५ सेंमीचा. पूर्वेकडचा घटक मात्र शून्याऐवजी १००० × साइन १° = १७.४५ मी. समोरचं अंतर जवळपास जसंच्या तसं राहतं, घसरण होते ती बाजूला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेऐवजी चुंबकीय उत्तर दाखवते आणि त्या दोहोंतला फरक जागेनुसार बदलतो, म्हणून तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागतो.

चढ, आणि तिरके अक्ष

चढावर रस्त्याने १२ मी गेलो, चढाचा कोन आडव्यापासून ८°. आडवं विस्थापन १२ × कोसाइन ८° = ११.८८ मी, उभं १२ × साइन ८° = १.६७ मी. यात अवघड काही नाही. फक्त चढ टक्क्यांत दिला असेल तर तो टॅन असतो, साइन नाही: १० टक्के चढ म्हणजे १०० मी आडवं गेल्यावर १० मी उंची, कोन ५.७१°.

अक्षच तिरके घेतले तर मात्र भले भले गोंधळतात. ३०° च्या उताराजवळ एक दगड ५ मी सरळ खाली पडला. त्याच्या विस्थापनाचा उताराच्या दिशेने घटक किती आणि उताराला लंब दिशेने किती? इथे ३०° हा कोन उतार आणि आडवी रेषा यांच्यातला आहे, विस्थापन मात्र उभं आहे. म्हणजे विस्थापनापासून कोन मोजलेलाच नाही! तो शोधावा लागतो. सपाट फळी ३०° ने कलती केली की तिच्यावरचा लंबही ३०° नेच कलतो. म्हणून उभी रेषा आणि उताराचा लंब यांच्यातला कोन ३०°. आता रीत तीच:

लंब दिशेने = ५ × कोसाइन ३०° = ४.३३ मी
उताराच्या दिशेने = ५ × साइन ३०° = २.५ मी

शून्याची चाचणी करून बघा. उतार ०° चा, म्हणजे सपाट जमीन. सरळ खाली पडणं पूर्णपणे जमिनीला लंब, आणि कोसाइन ०° = १. जुळतं. पुढे उतारावरच्या वस्तूचं वजन असंच दोन दिशांत विभागावं लागतं. तिथेही कोसाइन लंब घटकाला का जातो, याचं उत्तर याच फळीत आहे.

तिसरी मिती

ड्रोन सरळ रेषेत १०० मी उडाला. क्षितिजापासून वर ३५°, आणि खालच्या नकाशावर त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ६०°. दोन टप्प्यांत तोडा. आधी उभा त्रिकोण: उंची = १०० × साइन ३५° = ५७.४ मी, जमिनीवरची सावली = १०० × कोसाइन ३५° = ८१.९ मी. मग ही सावली आडव्या नकाशावर तोडा: उत्तर = ८१.९२ × कोसाइन ६०° = ४१.० मी, पूर्व = ८१.९२ × साइन ६०° = ७०.९ मी. दुसऱ्या टप्प्यात ८१.९ ऐवजी पुन्हा १०० घेणं ही इथली नेहमीची चूक. तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज १०,००० च्या जवळ येते का बघितलं की ती पकडली जाते.

ही सगळी रीत सपाट कागदाची आहे. काही किलोमीटरपर्यंत ती निर्धास्त वापरा. शेकडो किलोमीटरांच्या प्रवासात पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते: एक अंश रेखांश विषुववृत्तावर सुमारे १११ किमी भरतो आणि ६०° अक्षांशावर जवळपास निम्माच. कारण तिथेही कोसाइन ६०° च बसलेला आहे.

करून बघा

१. ६५ मी, पश्चिमेपासून उत्तरेकडे १५°. दोन्ही घटक काढा.
२. ९ किमी, दिगंश ३१०°. दोन्ही घटक काढा.
३. क्ष-घटक −७ मी, य-घटक −२४ मी. परिमाण आणि दिगंश काढा.

उत्तरं आकृती काढल्यावरच बघा.

१. क्ष = −६२.८ मी, य = +१६.८ मी.
२. पूर्व = −६.८९ किमी, म्हणजे पश्चिमेला ६.८९ किमी, आणि उत्तर = +५.७९ किमी.
३. परिमाण २५ मी, दिगंश १९६.३°. टॅनच्या व्यस्ताने ७३.७° आला आणि बाण ईशान्येच्या बाजूला काढला असेल, तर दोन्ही ऋण चिन्हं भागाकारात एकमेकांना खाऊन गेली. बाण तिसऱ्या चरणात आहे, पश्चिमेपासून दक्षिणेकडे ७३.७° वर.